तड्याची बखर

बाजारात लोणच्याची बरणी किंवा उन्हाळ्याच्या तोंडी पाण्याचा माठ विकत घेताना आपल्याकडील जुन्या गृहिणी ते भांडे डाव्या हातावर तोलून धरीत आणि उजव्या हाताच्या बोटाचे पेर त्याच्या पोटावर वाजवून पाहत. खणखणीत नाद उमटला तर घासाघीस पुढे चाले, आणि बद्द आवाज आला तर, डोळ्यांना काही एक दिसत नसूनही, माल निमूटपणे जागच्या जागी परत ठेवला जाई. तडा डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानाला कळतो आणि एकदा गेलेला तडा बुजत नाही, ही दोन सत्ये त्या एका टिचकीत सामावलेली होती. भाजलेल्या मातीविषयी मनुष्यजातीने हजारो वर्षे जे ज्ञान बाळगले, त्याचा सारांश याहून फारसा निराळा नव्हता.

त्या गृहिणींच्याच स्वयंपाकघरात आता गॅसच्या शेगडीशेजारी खिळ्याला एक लायटर टांगलेला असतो. त्याचा खटका दाबला की आतली स्प्रिंग सुटते, एक लहानशी हातोडी करंगळीच्या पेराएवढ्या कांडीवर आदळते आणि दुसऱ्या टोकाशी चट्‌दिशी ठिणगी उडते. ती कांडीही बरणीप्रमाणेच भट्टीत भाजलेली असते. परंतु तिच्यावर दाब पडला म्हणजे तिच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टांचे अंतर उत्पन्न होते, आणि उलट तिच्या टोकांना वीज जोडली तर ती किंचित लांबते वा आखडते. या परस्पर देवाणघेवाणीतूनच एक विलक्षण प्रकार संभवतो. ज्या वस्तूला कोणी धक्का लावला नाही, जिला विस्तवावर ठेवले नाही, ती केवळ विजेचा ताण वाढविल्यामुळे तडकावी, किंवा आधी गेलेला तडा विजेची दिशा पालटताच वाढता वाढता थबकावा, हे बरणी पारखणाऱ्या कोणत्याही गृहिणीला पटण्यासारखे नाही. शास्त्रज्ञांनाही ते सहजासहजी उलगडले नाही. त्यांच्या मतभेदाच्या मुळाशी वरवर पाहता पोरकट भासणारा एक प्रश्न होता: तड्याच्या आत काय असते?

या बखरीचा आरंभ एका औषधी दुकानात होतो. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल या बंदरात सेन्येट नावाच्या औषध विक्रेत्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, द्राक्षासवाच्या पिंपांत साचणाऱ्या क्षारापासून एक पांढरे स्फटिक तयार केले आणि सौम्य रेचक म्हणून त्याचा खप होऊ लागला. दोन शतके हा ‘रोशेल क्षार’ मुख्यतः रोग्यांची पोटे साफ करण्यासाठीच ओळखला गेला. इ. स. १८८० मध्ये पॅरिस येथे जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार प्रकट होतो असे दाखविले, तेव्हा त्यांच्या यादीत गारगोटी आणि तोरमल्ली यांच्या पंक्तीला हा क्षार बसला. आणि मौजेची गोष्ट अशी की, आपल्या प्रसादाच्या वाटीतील खडीसाखर, म्हणजे उसाच्या साखरेचा स्फटिक, हीदेखील त्या यादीत होती. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोस्तांच्या जहाजांची दाणादाण उडविली, तेव्हा पॉल लांजव्हँ याने पोलादी पत्र्यांमध्ये गारगोटीच्या चकत्या बसवून पाण्याखाली ध्वनी सोडण्याचे आणि त्याचा प्रतिध्वनी टिपण्याचे साधन घडविले, आणि दाबाने वीज उमटण्याचा हा गुण, म्हणजे दाबविद्युत, ही प्रयोगशाळेतील नवलाईची गोष्ट राहिली नाही, ती आरमाराच्या दप्तरी दाखल झाली.

त्यानंतर १९२० हे वर्ष उजाडले. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन तरुणांनी त्या एकाच वर्षी, दोन महिन्यांच्या अंतराने, या बखरीची दोन प्रकरणे लिहिली. एप्रिलमध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या सभेत मिनेसोटा विद्यापीठाच्या जोसेफ व्हालासेक या विद्यार्थ्याने असे निवेदन केले की, रोशेल क्षारातील विद्युतस्थिती बाहेरची वीज काढून घेतल्यावरही टिकून राहते आणि पुरेशी उलटी वीज लावल्यावर उलटते. लोखंडातील चुंबकत्वाची जी वागणूक, तीच या स्फटिकातील विजेची. या साम्यावरूनच अशा पदार्थांना पुढे ‘फेरोविद्युत’ हे नाव पडले, जरी त्यांत लोखंडाचा कणही असण्याची आवश्यकता नाही. रशियन भाषेत मात्र त्यांना आजही त्या औषध विक्रेत्याच्याच नावाने ओळखतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ॲलन ग्रिफिथ या सव्वीस वर्षांच्या अभियंत्याचा निबंध वाचला गेला. फार्नबरो येथील विमानांच्या सरकारी कारखान्यात काम करणाऱ्या ग्रिफिथला एक कोडे पडले होते: अणूंमधील बंधांचे बळ पाहता काच जेवढी मजबूत असावयास हवी, त्याच्या कितीतरी कमी ताणाला ती का तुटते? त्याने काचेचे बारीक, आणखी बारीक धागे ओढून पाहिले. धागा जितका बारीक, तितकी त्याची ताकद अधिक भरे. यावरून त्याने अनुमान काढले की, जाड काचेत डोळ्यांना न दिसणारे तडे आधीपासूनच वस्तीला असतात आणि तुटण्याची क्रिया तेथून सुरू होते. तडा केव्हा पुढे सरकेल याचा त्याने एक जमाखर्च मांडला. तडा वाढला की ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा मोकळी होते, ही जमा. आणि दोन नवे पृष्ठभाग उघडावे लागतात, त्यांना लागणारी ऊर्जा हा खर्च. जमा खर्चाला पुरी पडली की तडा धावतो, नाहीतर थांबतो. कुळकर्ण्याच्या वहीसारख्या या सरळ हिशेबावर पुढे विदारणशास्त्राची सारी इमारत उभी राहिली. परंतु त्या वहीत विजेचे खाते नव्हते. ते असण्याचे कारणही नव्हते.

ते कारण निर्माण केले दुसऱ्या महायुद्धाने. त्या काळी रेडिओ आणि रडार यांच्या यंत्रांत लागणारी धारित्रे अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांची बनत, आणि उत्तम अभ्रक मुख्यत्वे हिंदुस्थानातून, बिहारमधील कोडरमा आणि हजारीबागच्या खाणींतून जाई. समुद्रमार्ग धोक्यात आले तेव्हा अभ्रकाला पर्याय शोधणे प्राप्त झाले. नायगारा फॉल्स येथील एका कंपनीत यूजीन वेनर आणि सॅलोमन यांना १९४२ च्या सुमारास असे आढळले की, बेरियम आणि टायटॅनियम यांची ऑक्साइडे एकत्र भाजून होणारे बेरियम टायटॅनेट विद्युतभार साठविण्यात अभ्रकाच्या शेकडो पट सरस ठरते. युद्धाच्या तटबंदीपलीकडे जपानमध्ये ओगावा यांना आणि सोव्हिएत रशियात वूल व गोल्डमन यांना, एकमेकांची खबरबात नसताना, याच पदार्थाचा शोध लागला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत आर्थर फॉन हिप्पेल याने त्याच्या अंतरंगाचा अभ्यास केला. हा जर्मन शास्त्रज्ञ, पत्नी ज्यू वंशाची असल्यामुळे, हिटलरच्या अंमलाखालील ग्योटिंगेन सोडून इस्तंबूल आणि कोपनहेगन या मार्गाने तेथे येऊन पोहोचला होता. आणि बेरियम टायटॅनेटचे गुण रोशेल क्षाराच्याच जातीचे आहेत हे त्याच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. रेचकाचा क्षार दमट हवेत पाणी ओढून घेई आणि थोड्याशा उष्णतेने निकामी होई. त्याचे गुण आता भट्टीत भाजलेल्या टणक वस्तूत, म्हणजे सिरॅमिकमध्ये, सापडले होते.

या पदार्थाची अंतर्रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा कलह उमगणार नाही. बेरियम टायटॅनेटची सूक्ष्म घरे घनाकार असतात; कोपऱ्यांवर बेरियम, भिंतींच्या मध्यावर ऑक्सिजन आणि अगदी मधोमध टायटॅनियम. तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की मधला रहिवासी मध्यभाग सोडून एखाद्या भिंतीकडे किंचित सरकतो, घर त्या दिशेने जवळजवळ एक टक्का लांबते, आणि त्याला धन आणि ऋण अशी दोन तोंडे प्राप्त होतात. शेजारच्या घरांनीही तीच दिशा धरली म्हणजे त्यांची एक पेठ बनते. एका पेठेतील सर्व दरवाजे पूर्वेला, तर दुसऱ्या पेठेतील दक्षिणेला. भट्टीतून निघालेल्या तुकड्यात अशा असंख्य पेठा वाटेल त्या दिशांना तोंडे करून बसलेल्या असतात, म्हणून एकंदरीत त्यात दाबविद्युत दिसत नाही. एरी रेझिस्टर या कंपनीतील ग्रे याने या तुकड्याला जबर वीज लावून सर्व पेठांची तोंडे शक्य तितकी एका बाजूला वळविता येतात, आणि वीज काढल्यावरही ती बहुतांशी तशीच राहतात, हे ओळखले. १९४६ साली त्याने त्यासाठी अर्ज केला आणि १९४९ मध्ये त्याला सनद मिळाली. ध्रुवणाचा हा संस्कार आजही तसाच चालतो: तापविलेल्या तेलात तुकडा बुडवून त्याच्या जाडीच्या दर मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्टांचा ताण द्यावयाचा. पुढे टोकियोत शिराने, ताकेदा आणि सावागुची यांनी शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाचा अभ्यास केला, आणि १९५४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत बर्नार्ड जाफी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विशिष्ट प्रमाणातील या मिश्रणात दाबविद्युत कमालीची प्रबळ असल्याचे दाखविले. हेच ते पीझेडटी. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रापासून गॅसच्या लायटरपर्यंत त्याचीच सद्दी चालू झाली.

परंतु हा गुणी पदार्थ चिवटपणात काचेच्या फारसा पुढे नव्हता, आणि ज्या गुणाकरिता त्याला नोकरीस ठेवले, तोच गुण त्याच्या नाशास कारणीभूत होऊ लागला. पेठांची दिशा सरळ उलट झाली तर तुकड्याचा आकार बदलत नाही. पण ती काटकोनात वळली तर लांबी आणि रुंदी यांची अदलाबदल होते, आणि शेजारी जागा द्यावयास तयार नसला म्हणजे आतल्या आत ताण साचतो. वीज वारंवार उलटसुलट केली की तडे पडत, आधीचे पुढे सरकत. तेव्हा ग्रिफिथच्या वहीत विजेचे खाते उघडणे अपरिहार्य झाले. आणि खाते उघडताच पहिली नोंद कशी करावी यावरून तंटा उभा राहिला.

सोव्हिएत शास्त्रज्ञ पार्टन याने १९७६ साली असे धरले की, तड्याचे दोन ओठ इतके जवळ असतात की वीज त्यांच्यामधून जणू काही अडथळाच नाही अशी आरपार जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डीग याने १९८० च्या आपल्या प्रबंधात नेमके उलट गृहीत धरले: तड्यातील पोकळी विजेला वाट देण्याच्या बाबतीत या सिरॅमिकच्या सुमारे हजारांश एवढीच समर्थ असल्यामुळे तडा म्हणजे विजेला बंद दरवाजाच होय. पुढे १९९० साली पाक याने, आणि १९९२ साली सुओ, कुओ, बार्नेट आणि विलिस यांनी हे गणित अधिक बारकाईने मांडले. दोन्ही गृहीतांचे निष्कर्ष मोठे चमत्कारिक निघाले. दरवाजा उघडा मानला तर विजेचा तड्याच्या जमाखर्चावर काहीच परिणाम होत नाही. दरवाजा बंद मानला तर वीज कोणत्याही दिशेने लावली तरी तिची रक्कम जमेतून वजाच होते. म्हणजे वीज तड्याला रोखतेच, सुलटी असो की उलटी.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. पीझेडटीचा ध्रुवण केलेला तुकडा आरशासारखा घासून गुळगुळीत करतात आणि हवेत ठिणगी उडू नये म्हणून तेलात ठेवून त्याला वीज लावतात. मग चौकोनी पायाच्या लहानग्या पिरॅमिडासारखे हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने त्या पृष्ठावर टेकवून उचलून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एक इवलासा चौकोन आणि त्याच्या चारही कोपऱ्यांतून निघालेल्या केसासारख्या चार चिरा दिसतात. वीज लावलेली नसतानाही त्या सारख्या नसतात: ध्रुवणाच्या दिशेने गेलेल्या आखूड, तिला आडव्या गेलेल्या लांब, पेठांनी आपली तोंडे कोणीकडे केली आहेत याचा जणू तो दाखलाच. टोबिन आणि पाक यांनी १९९३ साली वीज लावून या चिरा मोजल्या, तेव्हा ध्रुवणाच्या दिशेने वीज लावली असता आडव्या चिरा अधिक लांबल्या आणि उलट दिशेने लावली असता आखूड राहिल्या. पर्ड्यू विद्यापीठातील पार्क आणि सन यांनी १९९५ मध्ये मोठ्या नमुन्यांना खाच पाडून ते ओढून तोडले. त्यांनाही सुलट्या विजेत तुकडा कमी भाराने आणि उलट्या विजेत अधिक भाराने तुटताना आढळला. दिशेला महत्त्व आहे अशी ही साक्ष होती, आणि दोन्ही पक्षांच्या गणितात दिशेला स्थानच नव्हते.

एवढ्यावर निकाल लागता तरी बरे होते. परंतु १९९७ साली वांग आणि सिंग यांच्या प्रयोगांत नेमके उलटे दिसले. सुलटी वीज तड्याला अडविते आणि उलटी त्याला मदत करते. पुढे फू आणि झांग यांना तर दोन्ही दिशांची वीज तुकड्याला दुर्बळच करते असे आढळून आले. एकाच गुन्ह्याला तीन साक्षीदार आणि तिघांच्या तीन जबान्या असा हा मामला झाला. साक्षीदार खोटे बोलत नव्हते. त्यांनी निरनिराळ्या पदार्थांना निरनिराळ्या तीव्रतेची वीज लावून तडा निरनिराळ्या रीतीने पाहिला होता, आणि तड्याच्या टोकाशी जे घडत होते ते कोणत्याही एका सरळ हिशेबात मावत नव्हते.

म्हणून हिशेबाची दुरुस्ती सुरू झाली. पार्क आणि सन यांनी सुचविले की, तुटणे हे शेवटी यांत्रिक कृत्य असल्यामुळे जमेच्या बाजूला केवळ यांत्रिक ऊर्जा धरावी. तसे केले की दिशेचा प्रभाव गणितात उतरतो. गाओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट घेतली. त्यांचे म्हणणे असे की, तड्याच्या टोकापुढील अरुंद पट्ट्यात वीज इतकी तीव्र होते की पदार्थाची ध्रुवणशक्ती तेथे संपृक्त होते. तेव्हा सबंध तुकड्याचा ताळेबंद बाजूला ठेवून त्या टोकापुरता स्थानिक जमाखर्च तपासला पाहिजे, आणि तो तपासला की सुलट्या आणि उलट्या विजेतील फरक आपोआप दिसू लागतो. इतरांनी टोकाभोवतीच्या पेठांकडे लक्ष वेधले. तड्याच्या टोकाशी ताण आणि वीज दोन्ही एकवटत असल्यामुळे तेथील पेठा काटकोनात वळतात. वळताना त्या कधी तड्याचे ओठ मिटविण्यास साह्य करतात, कधी ते अधिक फाकवितात. पदार्थ तोच, वीज तीच. पण पेठांनी कोणता पक्ष घ्यावा हे आधीच्या ध्रुवणावर, तड्याच्या दिशेवर आणि विजेच्या तीव्रतेवर अवलंबून राहते.

आणि तो मूळचा प्रश्न? तड्याच्या आत काय असते, हे पंचवीसेक वर्षे गृहीतच धरले जात होते. २००३ साली हाम्बुर्ग-हारबुर्ग येथील गेरोल्ड श्नायडर, फेल्टेन आणि मॅकमीकिंग यांनी ते मोजले. पृष्ठाला स्पर्श न करता त्याच्यावरून फिरणाऱ्या आणि ठिकठिकाणचा विद्युतदाब टिपणाऱ्या अतिसूक्ष्म सुईने त्यांनी वीज लावलेल्या पीझेडटीतील तडा ओलांडला. दरवाजा सताड उघडा असता तर दोन्ही ओठांवर दाब सारखाच मिळाला असता. घट्ट बंद असता तर त्यात मोठी तफावत पडली असती. प्रत्यक्षात सुईला तफावत आढळली, पण बंद दरवाजाच्या हिशेबाइतकी नाही. म्हणजे तड्याचा दरवाजा ना उघडा होता ना बंद. तो किलकिला होता. शिवाय तडा जसजसा फाकतो तसतशी त्या फटीची रुंदी बदलते, आणि अरुंद फटीत एकवटलेल्या विजेचा भार तेथील हवेलाही पेलेनासा होऊ शकतो, याही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागल्या. दोन पक्षांनी ज्या जागेवर परस्परविरुद्ध मालकी सांगितली होती, ती कोणा एकाची नाही असा मोजणीचा दाखला मिळाला.

विद्वानांचा हा तंटा चालू असताना कारखान्यांना थांबून चालणार नव्हते. १९८० च्या दशकापासून सिरॅमिकचे कागदासारखे थर आणि त्यांच्यामध्ये धातूची विद्युताग्रे रचून, सर्व एकत्र भाजून, ठोकळे तयार होऊ लागले. थोड्या व्होल्टांत निश्चित अंतर सरकणारे हे ठोकळे इ. स. २००० च्या सुमारास डिझेल गाड्यांच्या इंजिनांत इंधनाची फवारणी नियंत्रित करण्याच्या कामावर रुजू झाले. या ठोकळ्यांत विद्युताग्र काठापर्यंत न नेता अलीकडेच थांबवावे लागते. परिणामी वीज लावली की मधला भाग लांबतो, काठची पट्टी लांबत नाही, आणि विद्युताग्राच्या टोकाशी दोहोंची ओढाताण होऊन तडा पडतो. तडा पडू नये म्हणून नाना उपाय झाले. परंतु सर्वांत शहाणा उपाय जपानी अभियंत्यांनी योजिला: त्यांनी काठच्या त्या हट्टी पट्टीत ठरावीक अंतरावर मुद्दाम अरुंद खाचा ठेवल्या. रेल्वेचे रूळ जोडताना उन्हाळ्यासाठी फट सोडावी, तशीच ही व्यवस्था. ताणाला वाट आधीच मोकळी करून दिली की तो नको तिथे वाट फोडीत नाही.

आज अशा भागांची पारख कारखान्यात होते तेव्हा कोणी बोटाचे पेर वाजवीत नाही. तुकड्याला बदलत्या कंपनसंख्येची अगदी सौम्य वीज देतात. तो आपल्याच गुणाने, स्वतःच्या अंगभूत सुरावर आला म्हणजे, घुमू लागतो आणि मोजणीच्या पडद्यावर एक टोकदार शिखर उभे राहते. आत कोठे तडा असेल तर ते शिखर बसकते किंवा दुभंगते. तपासनीस तो तुकडा उचलून बाजूच्या पेटीत टाकतो. बरणीच्या दुकानात आपली आजी बद्द आवाज ऐकून जसे भांडे परत ठेवी, तसा.